बहात्तर आकड्यांचं क्षितिज

“एकशे नव्वद... बारा!”

“लिहिलं!”

“एकशे पंच्याण्णव... तेरा!”

“लिहिलं!”

वीस वर्षं झाली, तरी तो आवाज विहराच्या कानातून गेलेला नाही. गावच्या उपग्रह-केंद्राच्या सपाट छपरावर, कोन मोजायच्या जुन्या दुर्बिणीला डोळा लावून बाबा उभे होते, आणि खाली अंगणातल्या बाकावर मांडीवर वही घेऊन ती. अकरा वर्षांची. ऑक्टोबरचा वारा वहीची पानं उलटायला बघायचा आणि ती कोपराने दाबून धरायची. बाबा पाच-पाच अंशांनी दुर्बीण फिरवत, समोरचा डोंगर आभाळात किती अंश वर आला आहे ते बघत, आणि ओरडून सांगत. तिनं लिहायचं आणि “लिहिलं” असं ओरडून उत्तर द्यायचं. बाबांनी डोळा काढायचा नाही, तिनं मान वर करायची नाही. सगळा गोल पुरा झाला की बहात्तर आकडे. ब्रेझे गावाभोवतीचं सगळं क्षितिज एका वहीत.

आवाज अजून जसाच्या तसा आहे. दोनशे अंशांपाशी तो किंचित थबकला होता, हेही तिला आठवतं. पण दोनशे, दोनशे पाच आणि दोनशे दहा, या तिन्हींपुढे बाबांनी कोणते आकडे सांगितले, ते मात्र तिला आठवत नाही. कारण ते तिनं लिहिलेच नव्हते.

त्या वेळी ती बाकावर नव्हती. खालच्या रस्त्यावरून घरघर ऐकू आली होती. गुरुवारची थेस्सलोनिकीची बस. त्या बसमध्ये तिची आई होती, नेवेना. ग्रीसमध्ये कुणा म्हातारीची शुश्रूषा करायला निघालेली, सहा महिन्यांसाठी. निरोप सकाळीच घरी झाला होता. बाबा म्हणाले होते, बसपाशी जायचं नाही, आज मोजणी आहे. पण घरघर ऐकली आणि विहराचे पाय उठले. वही बाकावर टाकून ती अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पळाली. तिथून वळणावळणाचा रस्ता दिसायचा आणि त्याच्या टोकाला वेत्रेनची खिंड, जिथं डोंगर मधोमध मोडल्यासारखे खाली आलेत आणि रस्ता पलीकडे उतरतो. निळी बस खिंडीत चढत होती. वरून हाक आली, “दोनशे...” आणि पुढं काहीतरी. ती गडग्यावरूनच ओरडली, “लिहिलं!” पुन्हा हाक आली. पुन्हा, “लिहिलं!” तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा खिंडीत एक निळा ठिपका होता, आणि मग तोही नव्हता.

धावत परत आली तोवर बाबा दोनशे पंधरावर पोचले होते. सोळा. तिनं सोळा लिहिले. वर तीन जागा मोकळ्या राहिल्या. आता वर ओरडून विचारायचं, तर तीन वेळा “लिहिलं” कसं म्हणालीस, असा प्रश्न येणार. मागे तेरा होते, पुढे सोळा होते. तिनं मध्ये भरले: १४, १४, १५. ओळ कशी छान चढत गेली.

वहीतली खिंड बुजली.

* * *

बाबांच्या जुन्या मित्राचा, मानोलकाकांचा फोटो गावातल्या विजेच्या प्रत्येक खांबावर लागला होता. काळी चौकट, खाली तारीख, ‘चाळीस दिवस’ असे शब्द. पावसानं दोन-तीन फोटोंची शाई ओघळली होती, तरी हसू शाबूत होतं. विहरा रोज केंद्रावर चढताना त्या खांबांकडे न बघायचा प्रयत्न करायची, आणि खांब तर रस्ताभर उभे.

काका गेल्याचा चाळिसावा दिवस पाळायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मानोलकाकांची बायको, मिंकाकाकू, स्वतः केंद्रावर चढून आली. दारात येऊन चौकट धरून उभी राहिली.

“काकू, एवढा चढ कशाला चढलात? हाक मारली असती तर मी खाली आले असते.”

“हाक मारायला छातीत वारा लागतो गं. माझा सगळा वारा मानोलवर ओरडण्यात संपला, चाळीस वर्षं.” ती खुर्चीत बसली आणि खोलीभर नजर फिरवली. “अजून तसंच आहे. तारा, तारा आणि तारा. ह्याला म्हणायचे, घरात एक खिळा ठोकत नाहीस आणि तिकडे आभाळाला तारा बांधतोस.”

विहरा हसली. काकूनं टोपलीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. वीतभर लांबीचा काळा डबा, त्याच्या झाकणावर बरणीच्या बुडाचा गोल डाग.

“ही त्याची डिस्क. ह्यात काय आहे देव जाणे. मी तिच्यावर मिरच्यांची बरणी ठेवायचे. मुलगा म्हणाला, भंगारात दे. म्हटलं, भंगारात द्यायची तर विहराला देते. तुझ्याकडे तसंही भंगार कमी नाही.”

“ठेवते, काकू. जपून ठेवते.”

 मग काकू टोपलीचं कापड घडी करता करता म्हणाली, “उद्या दुपारी त्याच्या नावानं गहू वाटणार. बाबाला घेऊन ये.”

“सांगून बघते.”

“सांगून नको बघूस. घेऊन ये. मला तुझ्या बाबाकडून, स्तामेनकडून दुसरं काही नको. गावात सगळे घेतात तसे त्यानं माझ्या हातचे गहू तळहातावर घ्यावेत, आणि सगळे म्हणतात ते म्हणावं. ‘देवानं त्याला क्षमा करावी.’ चार शब्द. परक्या माणसाच्या दारावरून जातानासुद्धा आपण ते म्हणतो.” तिनं टोपली मांडीवर ओढली. “एकोणीस वर्षं तो त्या क्षमेची वाट बघत होता, विहरा. दुकानात स्तामेन समोर आला की हा टोपी काढायचा आणि तो पाठ फिरवायचा. शेवटी शेवटी तर तुझ्या बाबाला दिसतसुद्धा नव्हतं समोर कोण आहे, तरी हा टोपी काढायचा. मी म्हणायचे, अरे आंधळ्यापुढे टोपी काढतोस? तर म्हणाला, टोपी माझी आहे ना. असं काय चुकलं होतं गं त्याचं? तीन आकडे!”

विहरानं डिस्क छातीशी धरली होती. झाकणावरचा डाग ती अंगठ्यानं पुसत राहिली. तो निघत नव्हता.

* * *

तीन आकडे.

उपग्रह कुणासाठी थांबत नाही. डोंगराच्या एका कडेवर उगवतो, आठ-दहा मिनिटांत दुसऱ्या कडेला मावळतो, आणि तेवढ्यातच त्याच्याशी काय ते बोलून घ्यायचं. कोणता उपग्रह कधी, कुठून, किती वेळ दिसणार, हे अगोदर सांगणारा प्रोग्रॅम मानोलकाकांनी ब्रेझेच्या केंद्रासाठी स्वतः लिहिला होता, हिवाळाभर, शेगडीपाशी बसून. भ्रमणकक्षेचं गणित त्यात होतं. पण गणिताला डोंगर ठाऊक नसतो. सपाट पृथ्वीवर उगवलेला उपग्रह ब्रेझेला दिसेलच असं नाही; मध्ये डोंगराची पाठ आहे. म्हणून वहीतले ते बहात्तर आकडे मानोलकाकांनी एका फाइलमध्ये भरले. दर पाच अंशांना एक ओळ. त्या रेषेच्या वर आला तर ‘दिसतो’, खाली राहिला तर ‘दिसत नाही’.

पुढच्या जूनमध्ये ‘चुचुलिगा’ उडाला. चंडोल. डब्याएवढा उपग्रह, स्तामेन आणि मानोल या दोन मित्रांनी आणि शहरातल्या काही विद्यार्थ्यांनी मिळून तीन वर्षं खपून बनवलेला. चढला, बोलला, आणि आठवड्यात आजारी पडला. त्याचं एक अंग सतत उन्हाकडे पाठ करून राहिलं, बॅटरी उतरू लागली. एकच आज्ञा पोचवायची होती: वळ. दोन मिनिटं पुरली असती. तीन दिवस सगळे प्रोग्रॅमच्या यादीकडे डोळे लावून बसले, दिसणाऱ्या प्रत्येक फेरीत हाक मारली; पण उतरलेल्या बॅटरीवर तो एकदाही जागा सापडला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या फेरीपुढे यादीनं लिहिलं: ‘दिसत नाही’. म्हणून अँटेना उभी ठेवून सगळे खाली घेवड्याचं सूप प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेस्सलोनिकीहून कुणा हौशी रेडिओवाल्याचा निरोप आला. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा चंडोल ऐकला. फार क्षीण होता. दक्षिणेला, समुद्राच्या बाजूने येत होता. तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत का?

त्यानंतर तो कुणालाच ऐकू आला नाही.

बाबांनी नकाशावर रेघ ओढली. रेघ वेत्रेनच्या खिंडीतून जात होती. “खिंड उघडी आहे! मी ह्या डोळ्यांनी मोजलीय! विहरा, वही आण.”

वही आणायला ती घरी पळाली. बारा वर्षांची होती. कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि तिला कळलं. काय झालं ते सगळं एका क्षणात कळलं. बाबा कसे ओरडतील हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. आईचं पत्र येऊन दोन महिने झाले होते, आपण परत येणार नाही असं. बाबा त्यानंतर घरात फारसं बोलत नव्हते; जे बोलायचे ते ह्या पोरीशी, ह्या चंडोलाबद्दल. तिनं टेबलावरचं खोडरबर घेतलं आणि तीन एक पुसले. १४चे ४. १४चे ४. १५चे ५. पेन्सिल होती. चटकन गेली.

वही पाहून बाबांनी ती मानोलकाकांपुढे आपटली. फाइलमध्ये चौदा, चौदा, पंधरा. वहीत चार, चार, पाच.

“तीन वेळा, मानोल? एकदा चुकतो माणूस. तीन वेळा एक दाबलास?”

मानोलकाकांनी वही हातात घेतली. खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहत राहिले. मग वही मिटून परत दिली.

“मी टाईप करताना चुकलो असेन,” ते म्हणाले.

त्यांनी त्याच संध्याकाळी फाइल दुरुस्त केली आणि केंद्राची किल्ली टेबलावर ठेवून खाली उतरले. पुन्हा कधी चढले नाहीत. प्रोग्रॅम मात्र चालत राहिला. बाबांनी तो बदलला नाही, कारण त्याहून चांगला कुणाकडे नव्हता. पुढं विहरा शिकून आली, बाबांचे डोळे गेले, आणि केंद्र तिच्याकडे आलं. वही बाबांनी चौकट करून भिंतीवर लावली होती. तिचं ते पान, काचेखाली.

बायका उन्हात लोकर पिंजताना गातात, त्यातली एक ओवी तेव्हा मिंकाकाकूच्या तोंडी असायची:

डोंगराच्या कडेवरी, पाखरू माझं येईना,
अवघ्या जगाला दिसे गं, मला एकीला दिसेना.

गाताना ती विहराकडे बघत नसे. पण विहराला वाटायचं, बघतेय.

* * *

संध्याकाळी ती बाबांकडे गेली. बाबा ओट्यावर परातीत घेवड्याचे दाणे घेऊन बसले होते, बोटांनी चाचपून खडे वेगळे करत.

“विहरा. पायरीवर पाय घासतेस, आजीसारखी.”

“तुम्हाला दिसत नाही म्हणतात आणि सगळं कळतं.”

“दिसत नाही म्हणूनच कळतं. बस. हा दाणा बघ, किडका आहे का?”

“चांगला आहे, बाबा.”

“मग तू खा. मला किडका वाटतोय.” ते हसले. मग विचारलं, “उद्यापासून नवा प्रोग्रॅम ना?”

“हो. शहरातून आलाय. त्याला डोंगर मोजावे लागत नाहीत. वरून, उपग्रहांनीच सगळ्या पृथ्वीची उंची मोजून ठेवलीय. आपण कुठं उभे आहोत एवढं सांगायचं, क्षितिज तो स्वतः काढतो.”

“हं. आळशी माणसांचं काम.” पण त्यांना राग आला नव्हता, उलट चेहरा उजळला होता. “मग जुळवून बघ. त्याचं क्षितिज आणि आपली वही. बघ तू, एक अंशाचा फरक निघणार नाही. बहात्तर आकडे, आणि लिहिणारी अकरा वर्षांची पोर. मी सगळ्यांना सांगतो. माझी पोर चुकली नाही, तो शिकलेला गडी चुकला.”

विहरानं परातीत हात घातला आणि दाणे उगाच इकडून तिकडे केले.

“बाबा, उद्या मानोलकाकांचा चाळिसावा. मिंकाकाकू वर आल्या होत्या. तुम्ही यावं म्हणून.”

बोटं थांबली.

“नाही.”

“गहू घ्यायचे फक्त. एक घास.”

“घास घेतला की म्हणावं लागतं. आणि मी खोटं म्हणत नाही.” ते शांतपणे बोलत होते, त्यामुळेच जास्त जड. “मी क्षमा केली नाही तर देवाला कसं सांगू, तू कर? तो चंडोल दोन मिनिटं त्या खिंडीत उभा राहून मला हाक मारत होता. मी खाली सूप पीत होतो. हे मी रोज ऐकतो, विहरा. रोज.”

  दूर कुणाच्या तरी शेळ्यांच्या घंटा वाजत खाली उतरत होत्या. तिनं परात उचलून आत नेऊन ठेवली, आणि स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ हात धूत उभी राहिली.

* * *

सकाळी केंद्रावर दोन प्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालू होते. डावीकडे मानोलकाकांचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. उजवीकडे नवा, रंगीत. नव्यानं काढलेलं क्षितिज तिनं छापून घेतलं आणि भिंतीवरच्या वहीशेजारी धरलं. बाबांचं खरं होतं. एकशे नव्वद, बारा. एकशे पंच्याण्णव, तेरा. इतक्या वर्षांपूर्वी एका जुन्या दुर्बिणीनं मोजलेलं जवळजवळ सगळं जुळत होतं.

मग ती खिंडीपाशी आली.

दोनशे: तीन. दोनशे पाच: दोन. दोनशे दहा: चार.

 फरक फारसा नव्हता, वहीतल्या चार-चार-पाचशी जवळपास होताच. पण हे ते आकडे होते. बाबांनी त्या दिवशी छपरावरून ओरडून सांगितलेले, ती गडग्यावर असताना तिच्या डोक्यावरून निघून गेलेले. इतकी वर्षं तिला फक्त आवाज ऐकू यायचा. आता शब्दही आले.

जुना प्रोग्रॅम बंद करायच्या आधी तिनं मिंकाकाकूची डिस्क जोडली. जुन्याची एक प्रत राहावी, एवढाच हेतू. डिस्क कुरकुरली, मग फिरली. आत मानोलकाकांची स्वतःची प्रत होती, केंद्रावरच्यासारखीच. क्षितिजाची फाइल तिनं उघडली.

ज्या ओळीच्या सुरुवातीला ‘#’ अशी खूण असते ती ओळ प्रोग्रॅम वाचत नाही. ती माणसांसाठी असते. लिहिणाऱ्यानं स्वतःला किंवा मागून येणाऱ्याला काही सांगून ठेवायचं असेल तर. केंद्रावरच्या फाइलमध्ये दोनशे अंशांच्या वर अशी एकच ओळ होती: ‘आकडे दुरुस्त केले. चूक टाईप करणाऱ्याची.’ ती विहराला पाठ होती. पण या घरच्या प्रतीत तिथं जास्त ओळी होत्या.

# वहीत १४, १४, १५ असंच होतं. मी दोनदा पडताळून भरलं होतं.
# आता वहीतले तीन एक पुसलेले आहेत. उजेडात धरलं की खोल उमटलेले दिसतात.
# मुलीला विचारायचं नाही. तिचं घर आधीच अर्धं झालंय.
# भरताना खिंड बुजलेली दिसत होती. स्तामेनला विचारायला हवं होतं. त्याला राग येईल म्हणून विचारलं नाही. तेवढी चूक माझी आहेच.

खाली भांडणाच्या दिवसाची तारीख.

विहरानं भिंतीवरची चौकट उतरवली. मागचे खिळे वाकवून काच काढली, आणि वही घेऊन खिडकीपाशी गेली. मानोलकाका जिथं उभे राहिले होते तिथंच. पान तिरकं धरलं. तीन एक होते. अकरा वर्षांच्या मुलीनं दाबून लिहिलेले; शिसं गेलं होतं, खाच राहिली होती.

* * *

दुपारी मिंकाकाकूच्या अंगणात गाव जमलं होतं. लांब टेबल, पाव, मासे, मीठ, दोन बाटल्या. जो येई तो पेल्यातली पहिली धार जमिनीवर सांडायचा आणि मग प्यायचा. मिंकाकाकू दारात उभी राहून प्रत्येकाच्या तळहातावर साखर नि अक्रोड घातलेले उकडलेले गहू देत होती, आणि प्रत्येकजण म्हणत होता, “देवानं त्याला क्षमा करावी.”

विहराची पाळी आली. काकूनं तिच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“नाही आला?”

“नाही.”

“मला वाटलंच.” काकूनं गव्हाचा चमचा भरला, पण तळहातावर ओतला नाही. एक छोटी वाटी घेतली, तीत काठोकाठ भरली, वर कागद बांधला. “मग तू घेऊन जा. इथं नाही तर तिथं. त्यानं एक दाणा तोंडात टाकला तरी मला पुरे.”

“काकू...” विहरा म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं का? काका तुम्हाला काही बोलले होते?”

मिंकाकाकूनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मागं रांग उभी होती.

“एवढंच बोलला की पोर फार घाबरली असेल.” तिनं वाटी विहराच्या हातात दाबली. “जा आता. थंड झाले की दाणे कडक होतात.”

* * *

बाबा ओट्यावरच होते, उन्हाकडे तोंड करून. दिसत नसलं तरी ते रोज दुपारी याच दिशेला तोंड करून बसत, आणि ती दिशा खिंडीची होती. हे विहराच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं. ती शेजारी बसली. वाटी दोघांच्या मध्ये ठेवली.

“गव्हाचा वास येतोय,” ते म्हणाले. “ने उचलून.”

“बाबा, नव्याचं क्षितिज जुळलं.”

त्यांचा चेहरा हलला. “सगळं?”

“जवळजवळ.”

“म्हटलं होतं ना.” त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.  गावातून माणसांचे आवाज येत होते, मधूनच कुणाचं हसणं. मेलेल्याच्या जेवणात एखादा गमतीची गोष्ट सांगतोच. बाबा एकदम म्हणाले, “त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. ठाऊक आहे ना तुला? डोंगर वर लटकलेले, आभाळ खाली.”

“हो.”

“मी मोजणी मुद्दाम त्या दिवशी काढली होती.” ते हे कधी बोलले नव्हते. आईचं नावसुद्धा घरात वीस वर्षांत निघालं नव्हतं. “बसपाशी जाऊन उभं राहायचं मला जमलं नसतं. म्हटलं, दुर्बिणीतून बघू. डोळ्याला काम असलं की डोळा ओला होत नाही. दोनशे अंशांवर आलो तर बस खिंडीत. उलटी. चाकं वर, आभाळावरून चाललेली. आकडा तोंडातून निघेना. मग काढला कसातरी. आणि खालून तू ओरडलीस, ‘लिहिलं!’ मला वाटलं, पोरीला काही दिसत नाही, ती आपली लिहितेय. एवढं बरं वाटलं मला, विहरा. दोघांपैकी एकाला तरी ते बघावं लागलं नाही. त्या तीन आकड्यांसाठी तर मी त्या माणसावर...” त्यांनी मान हलवली.

विहरानं वाटीवरचा कागद सोडला.  छपरावरच्या माणसाला ऐकू जावा इतका मोठा तिचा आवाज निघाला.

“दोनशे... तीन. दोनशे पाच... दोन. दोनशे दहा... चार.”

बाबांनी तोंड तिच्याकडे वळवलं.

“हे तुम्ही सांगितलेले आकडे आहेत, बाबा. मला आज कळले. त्या दिवशी मी बाकावर नव्हते. गडग्यावर उभी होते, बस बघत. तीनदा ‘लिहिलं’ म्हणाले आणि एकदाही लिहिलं नाही. नंतर मनाचे भरले. चौदा, चौदा, पंधरा. काकांनी वहीत होतं तेच टाईप केलं. आणि तुम्ही वही मागितलीत तेव्हा घरी येऊन ते तीन एक मी पुसले.”